चार सेंटिमीटर पाणी

"जपून, शेवाळ आहे!" कुणीतरी ओरडलं. तोवर माझा पाय सटकला होता.

"आई गं!"

कोपराला धरून मला सावरलं ते एका भिजलेल्या शर्टातल्या तरुणाने. दुसऱ्या हातात ब्रश. धरणाच्या भिंतीवरची, पाण्याची पातळी मोजायची पट्टी तो घासत होता. भुरभुर पाऊस त्याच्या पापण्यांवर बसला होता आणि मी... मी कामाला आले आहे, हे मला स्वतःला बजावावं लागलं.

मी वीज विकते. शहरातल्या ऑफिसात बसून रोज बाराच्या आत बाजाराला कळवायचं, उद्या कोणत्या तासाला आमच्या धरणाची आणि पवनचक्क्यांची मिळून किती वीज मिळेल. एकदा शब्द दिला की दिला, कमी पडली तर दंड. म्हणून रोज दहाला धरणावरून पातळी सांगणारा फोन येतो. त्या खेकसणाऱ्या आवाजाला मी 'पाणीवाले काका' म्हणायची. दोन वर्षं आमची रोज जुंपते. मी म्हणणार, "अजून सोडा ना," ते म्हणणार, "नाही जमायचं." पण वारा पडून पवनचक्क्या थांबल्या, भाव कडाडले आणि मी रडकुंडीला आले, की हेच काका म्हणणार, "थांबा, बघतो." आणि कुठून तरी दोन तासांचं पाणी काढून देणार!

सोमवारपासून तो फोन बंद होणार होता. नवीन सेन्सर पातळी थेट माझ्या स्क्रीनवर पाठवणार. चाचणीत तो रोज काकांपेक्षा चार सेंटिमीटर जास्त दाखवत होता. साहेब म्हणाले, "कोण खोटं बोलतंय ते बघून ये. माणूस असला तर घरी बसवू."

"फिरायला आलात?" त्याने विचारलं.

"हो," मी बिनधास्त ठोकून दिलं. "पट्टी रोज तुम्हीच वाचता?"

"वाचतो. आणि चार सेंटिमीटर कमी सांगतो."

"क... का?"

"शहरात एक मॅडम आहेत. पाणी दिसलं की विकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मग वारा पडला की त्यांचा आवाज असा रडवेला होतो — ऐकवत नाही हो. म्हणून थोडं बाजूला ठेवतो. त्यांच्यासाठी."

"म्हणजे पाणीवाले काका तुम्ही?"

"काका?" त्याने कपाळावर हात मारला. ब्रशचं शेवाळ भुवईला लागलं.

"आणि मी कोण, हे तुम्हाला..."

"'आई गं' म्हणालात ना, तेव्हाच कळलं. भाव पडले की फोनवर अगदी असंच म्हणता."

मला हसू येत होतं आणि रागही. "दोन वर्षं मला बनवलंत! आणि आता सांगताय कशाला? नोकरी जाईल तुमची."

"सोमवारी मशीन सांगणारच आहे. त्याआधी मी सांगावं म्हटलं." तो ब्रशकडे बघत राहिला. "आणि दहाचा फोन बंद होणार... त्याआधी तुमची एकदा भेट व्हावी, असं वाटत होतं."

परतताना बसमध्ये मी नखं कुरतडून संपवली. अहवालात खोटं लिहिणं मला जमणार नव्हतं आणि खरं लिहिलं की तो घरी.

शेवटी खरंच लिहिलं, सगळं. त्या राखलेल्या पाण्याने आम्ही अकरा वेळा दंडातून वाचलो, तेही तारखांसकट.

साहेब वाचून म्हणाले, "खोटं ते खोटंच."

"ताकीद द्या, लेखी. पण पाणी राखायची पद्धत ठेवा, उघडपणे. आणि ते कधी सोडायचं, हे त्यांनी रोज फोनवर सांगावं."

"सेन्सर असताना फोन कशाला?"

"मी कधी रडकुंडीला येते, ते सेन्सरला कळतं का?"

साहेब चष्म्यावरून बघतच राहिले. माझे कान तापले. मग त्यांनी सही केली आणि म्हणाले, "पाण्यासाठीच ना हे सगळं?" मी फाइल उचलून पळ काढला.

रविवारी माझी पाळी होती. सोमवारी कडक ऊन, भरपूर वारा असा अंदाज होता; म्हणजे सौर आणि पवनवीज मुबलक, सकाळी भाव मातीमोल. तरी धरणाची थोडी वीज विकता आली असती. धरणाच्या दहा ते अकराच्या रकान्यात मी शून्य भरलं.

सोमवारी बरोबर दहाला फोन वाजला.

"ताकीदपत्र मिळालं," तो म्हणाला. "मॅडम, आज यंत्रं पूर्ण बंद? रोज त्यांच्या घरघरीत ओरडून ओरडून माझा घसा बसतो."

"दहा ते अकरा मी धरणाची वीज विकलीच नाही."

"का?"

"तुम्ही न ओरडता कसे बोलता, ते ऐकायचं होतं."

पलीकडे इतकी शांतता, की त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मला... मला तुम्ही खूप आवडता," तो हळूच म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"मलाही," मी म्हणाले. "आणि घाई करू नका, अकरापर्यंत वेळ आहे."