घोट्याने मोजलेला खांदा

पुरुषाच्या मिठीत पडायची माझी ती पहिलीच वेळ, आणि 'कट्' असा आवाज आला तो त्याच्या खांद्यातून.

मी चपलांच्या दुकानात काम करते. त्या दुपारी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून नऊ नंबरचा काळा जोड ओढत होते. खाली स्टुलावर गिऱ्हाईक बसलेलं, एका पायात मोजा, दुसऱ्यात नवा बूट, आणि डोळे असे की मी उगाचच दुसऱ्यांदा वळून बघितलं. तिथेच चुकलं. खोका सुटला, शिडी सुटली, मी सुटले... त्याने झटकन उठून मला झेलायला हात वर केला. बिचारा! चेंडू झेलावा तसा केला, आणि वरून आले छप्पन्न किलो.

माझा उजवा घोटा आत वळला. त्याचा उजवा खांदा जागेवरून निखळला. आमच्या दोघांच्या डोक्यावर उरलेले खोके एकेक करून येत राहिले. शेठ धावत आले आणि म्हणाले, "काळा जोड सापडला का?"

दवाखान्यात आम्हाला एकाच गाडीतून नेलं. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा, एका पायात नवा बूट, दुसऱ्यात स्वतःची जुनी चप्पल. मी रडत रडत शंभरदा माफी मागितली. तो दात आवळून एवढंच म्हणाला, "नऊ नंबर... बरोबर बसतोय."

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

डॉक्टरांनी त्याचा खांदा जागेवर बसवला, हात तीन आठवड्यांसाठी गळ्यातल्या झोळीत टाकला. माझं हाड शाबूत होतं, पण घोट्याचा लिगामेंट चांगलाच ताणला होता. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी आणि पाय उशीवर, असा हुकूम सुटला. दुसऱ्याच दिवशी आत्या गरम तेलाची वाटी घेऊन आली. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, आणि तिला तो खसाखसा चोळायचा होता. मी आतून कडी लावली. आत्या दाराबाहेरून तासभर माझ्या पायाशी बोलत होती, माझ्याशी नाही.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातल्या व्यायामाच्या हॉलमध्ये गेले, तर कोपऱ्यात झोळी काढून तो उभा! पायात तेच काळे बूट, या वेळी दोन्ही.

"आज शिडी नाही ना आणली?" तो म्हणाला.

"नाही. तुम्ही जरा लांबच उभे राहा, म्हणजे झालं."

"लांब उभा राहिलो तर झेलणार कोण?"

मी घोट्यापासून कानापर्यंत लाल झाले. घोटा आधीच लाल होता म्हणा.

त्या हॉलच्या मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत, सांधे राहत. "गुडघा, आत या. कंबर, तुम्ही बसू नका." तो झाला खांदा आणि मी घोटा. मॅडमचा एक नियम होता, आपला व्यायाम आपण मोजायचा नाही. स्वतःचं दुखणं मोजताना माणूस लबाडी करतोच, म्हणून प्रत्येकाची जोडी लावलेली. घोट्याचे आकडे खांद्याने मोजायचे, खांद्याचे घोट्याने. प्रत्येक ताण तीस आकडे. घड्याळाच्या काट्याबरोबर एक आकडा, कमी नाही, जास्त नाही.

मग काय, रोज सकाळी नऊ वाजता मी एका पायावर बगळ्यासारखी उभी, आणि तो समोर उभा राहून मोजतोय. "...अकरा, बारा, तेरा... बारा, तेरा, चौदा..." मला वाटलं, गणित कच्चं असेल. सलूनमध्ये न्हावी होता तो, कात्री पक्की असली की झालं. खरं सांगू? मीही टोकलं नाही. तो मोजत असताना माझ्याकडेच बघायचा.

त्याची पाळी आली की माझा जीव जायचा. दारावरच्या कप्पीतून दोर सोडलेला, चांगल्या हाताने ओढून दुखरा हात वर न्यायचा आणि तिथे धरायचा. तो डोळे मिटायचा, कपाळावर घाम यायचा. हे सगळं माझ्यामुळे! मग मी मोजायची, "बारा, तेरा, चौदा... बावीस... सत्तावीस, तीस. झालं, झालं, खाली घ्या." तो हात खाली घेऊन हसायचा.

बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. त्याच दिवसांत त्याने सांगितलं की सलूनच्या मालकाने त्याच्या खुर्चीवर स्वतःच्या भाच्याला बसवलंय. पुढच्या महिनाअखेरीला मालक त्याची परीक्षा घेणार होता, वीस मिनिटं हात वर ठेवून एक अख्खं डोकं कापून दाखवायचं. जमलं तर खुर्ची त्याची, नाहीतर भाच्याची. आठ वर्षं त्या खुर्चीमागे उभा होता तो. सांगताना हसत होता, पण दोर धरलेली मूठ घट्ट झाली होती.

परीक्षेला तीन आठवडे उरले, तेव्हा मॅडमनी कोन मोजायची पट्टी काढली.

आधी माझा घोटा. पुढे, मागे, आत, बाहेर. मग एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले. मी हलले नाही.

"हा घोटा दोन आठवडे आधीच बरा झालाय," मॅडम म्हणाल्या. "कोणी दुप्पट करून घेतलं याच्याकडून? नशीब, सुजला नाही. फाईल बंद. उद्यापासून यायचं नाही."

खांदा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

मग त्याची पाळी. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच अडला. मॅडमच्या कपाळावर आठ्या. त्यांनी मला मोजायला लावलं आणि स्वतः हातातलं घड्याळ बघत उभ्या राहिल्या. सवयीने मी चौदावरून बावीसवर गेले.

"तीस आकडे, सोळा सेकंदांत," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "दया आली का?"

मी मान खाली घातली.

"दया आली तर घरी जाऊन रड. इथे मोज. अख्खा महिना वाया घालवलास त्याचा."

उद्यापासून कंबरवाले आजोबा मोजतील, असं त्यांनी जाहीर केलं. आजोबा सातपर्यंत पोचले की डुलकी घेत. मी मॅडमच्या मागे मागे फिरले, टॉवेलच्या घड्या घातल्या, रबराचे पट्टे रंगाप्रमाणे लावले. शेवटी त्या वैतागल्या. "फाईल बंदच राहील," म्हणाल्या, "पण मोजायला आलीस तर मला दिसणार नाही."

मग तीन आठवडे मी वैरीण झाले. भिंतीवरच्या घड्याळावर नजर, एकेक सेकंद. ओढ बसू दे, कळ आली तर थांब, एवढंच मॅडमनी शिकवलेलं बोलायचं. तो कण्हला की मी माझाच अंगठा चावायची, पण चौदानंतर पंधराच! हात कानापर्यंत आला त्या दिवशी मी हॉलभर नाचले. घोट्याला काही झालं नाही. आजोबा मात्र दचकून जागे झाले.

परीक्षेच्या दिवशी डोकं माझंच दिलं. कमरेपर्यंतचे केस, आईला न विचारता. मालकाने मुद्दाम खुर्ची पार वर चढवली, म्हणजे त्याचा हात आणखी उंच जावा. शेजारी भाचा कंगवा फिरवत उभा.

कात्री चालू झाली. दहा मिनिटं छान. बाराव्या मिनिटाला आरशात मला त्याचं कोपर थरथरताना दिसलं. त्याने आरशातच माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले, आवाज न करता... एक, दोन, तीन. तीस झाले की परत एकपासून. एकही आकडा सोडला नाही, देवाशपथ.

कात्री थांबली. मालकाने माझ्या भोवती एक फेरी मारली, डावी बाजू बोटभर आखूड झाल्याचं बोलून दाखवलं, मग घड्याळ बघितलं. "बावीस मिनिटं. हात टिकला. खुर्ची तुझी." भाच्याने कंगवा खिशात घातला, आणि दोघं चहाला निघून गेले.

त्याचा हात मात्र अजून वरच. रिकाम्या हवेत कात्री कच् कच्.

"झालं ना आता? खाली घे," मी म्हणाले.

"माझं मोजून व्हायचंय." कात्री थांबली. "बारा, तेरा... बारा, तेरा..."

मी आरशात बघतच राहिले. "म्हणजे तुझं गणित..."

"गणित पक्कं आहे. तीस झाले की तू पाय खाली टेकवून निघून जायचीस. म्हणून मागे यायचो. तर मॅडमनी तुला लवकरच घरी पाठवलं."

"आणि मी आकडे खायची, ते..."

"चौदानंतर बावीस येत नाही, एवढं मलाही कळतं. पण मला दुखलं की तुझंच तोंड इतकं वाकडं व्हायचं... बघवायचं नाही." "मला तू रोज हवीस. घोटा बरा असला तरी. सांग काहीतरी, हात भरून आलाय."

"चौदा," मी म्हणाले.

तो वाट बघत राहिला.

"...तीस. बस झालं. आता तो हात खाली घे, आणि इकडे दे."