दाव्यासकट

आधीच सांगतो. ज्यांना ही रचलेली गोष्ट वाटेल त्यांनी खुशाल दुसरं काहीतरी वाचावं. मला कुणाची खात्री पटवायची नाही. माझ्या मावसबहिणीच्या, पूनमच्या बाबतीत हे घडलंय. घडलं तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती, आणि बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं.

गेल्या जानेवारीतला शनिवार. काशीदच्या मागे, समुद्राकडे तोंड करून असलेली एक टेकडी.

तिथे एक रिसॉर्ट आहे. नाव सांगणार नाही, फुकटची जाहिरात कशाला.

त्यांच्या भाषेत ते 'लक्झरी वर्किंग रँच'. आपल्या भाषेत गोठा. फरक इतकाच, की आपल्याकडे गोठ्यात राबणाऱ्याला पगार मिळतो, आणि इथे पाहुणे पैसे भरून शेणात हात घालतात. तेही रबरी हातमोजे घालून.

पूनम पालीजवळच्या खेड्यातली. घरची भातशेती, दारात चार गुरं. शाळेत जाण्याआधी शेणगोठा करून गेलेली मुलगी. तिचा नवरा हर्षद मात्र खारघरचा. त्याने जन्मात दूध पाहिलं ते पिशवीतलं. सहा वर्षांच्या भार्गवीला गाय दाखवायची म्हणून त्याने हे बुकिंग केलं.

"गाय बघायची तर माझ्या माहेरी चल की," पूनम म्हणाली.

"तिथे एसी कुठाय?" हर्षद म्हणाला.

झालं. निघाली वरात.

फाटकातच दोन पोरींनी तिघांच्या डोक्यावर गवताच्या टोप्या घातल्या. मॅनेजर अनीश पुढे आला. गुडघ्यापर्यंत चामडी बूट, कमरेला ताटलीएवढं बक्कल. गायींना शॅम्पूचा वास येत होता. मुंबईची एक बाई गोवरी गालाला लावून फोटो काढून घेत होती. पूनमने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. काय एकेक थेरं, म्हणाली.

रिसेप्शनच्या भिंतीवर मात्र तिची नजर अडकली.

तिथे दिव्यांच्या झोतात जुनी दावी टांगली होती. गुरं बांधायचे दोर. हाताने वळलेले, वापरून काळे पडलेले. शेजारी गळ्यातल्या घंटा.

"ही कुठून आणलीत?"

"ओरिजिनल आहेत मॅम," अनीश खुशीत आला. "इथे नीराबाई म्हणून एक लेडी होती. तिचीच जागा, तिच्याच गाई. मुलांनी डील केली आमच्यासोबत. ती बोलत होती, गाई न्या पण दावी ठेवा. आपण बोललो, नाही आजी, सगळं पाहिजे. डेकोरला लागतं ना."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जनावर विकतात, पण त्याचं दावं देत नाहीत. घेणारा नवं दावं घेऊन येतो. जुनं सोडून आपल्याच गोठ्यात ठेवायचं. जनावर गेलं तरी काहीतरी आपलं मागे राहतं, असं मानतात. दाव्यासकट दिलं की सगळंच दिलं. मग ते जनावर मागे वळूनसुद्धा बघत नाही.

पूनमला हे पक्कं ठाऊक होतं. पण ज्याला दावं आणि परकराची नाडी सारखीच, त्याला काय सांगायचं?

दुपारी जेवणं झाली. हर्षद घोड्यावर बसून फोटो काढून घ्यायला गेला.

पूनमच्या मनगटाला भार्गवी बांधलेली होती. अक्षरशः. गर्दीत पोर हरवू नये म्हणून मिळतो ना तो पट्टा, एक टोक पोराच्या मनगटाला, दुसरं आईच्या. हर्षदने हौसेने आणलेला. पूनमला तो मुळीच आवडला नव्हता. पोर म्हणजे काय कालवड आहे का, असं ती सकाळीच त्याला बोलली होती.

भार्गवीने दूध काढायचा हट्ट धरला. पण दूध काढायच्या कार्यक्रमाला ही मोठी रांग. पूनम वैतागून तिला घेऊन मागच्या बाजूला निघाली.

आणि तिला आवाज आला...

चुर्र... चुर्र... चुर्र...

चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज. तो ओळखायला पूनमला कुणी शिकवायला नको.

झाडीत एक जुना दगडी गोठा होता. दार उघडं. आत एक म्हातारी गायीपाशी उकिडवी बसलेली. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण, डाव्या कानाची पाळी फाटलेली.

म्हणजे ही पण नाटकातलीच, पूनमला वाटलं. खेड्यातली म्हातारी बसवलीय पाहुण्यांसाठी.

तिथे एक गोष्ट तिला खटकली. आत एकही माशी नव्हती. गोठा आणि माशी नाही... तिने मनात म्हटलं, मारलं असेल यांनी कसलंतरी औषध.

दुसरी गोष्ट तिला नंतर आठवली. धार पडत होती, आवाज येत होता... पण दुधाचा वास नव्हता.

"किती देतात हो तुम्हाला, इथं बसायचे?" पूनमने खवचटपणे विचारलं.

म्हातारी भार्गवीकडे बघत राहिली.

"पोर तुजी हाय?"

"माझीच. धार काढायचीय म्हणे तिला."

"देतीस?"

कुठलीही आई म्हणते तसंच पूनम म्हणाली. "घ्या. ठेवूनच घ्या. सकाळपासून डोकं खाल्लंय हिने."

म्हातारीचे हात थांबले. पण आवाज तसाच चालू होता... चुर्र... चुर्र...

"तोंडानं न्हाय देत, बाय," ती म्हणाली. "दाव्यानं देत्यात."

पूनमला हसू आलं. या बाईला संवाद बरे लिहून दिलेत, असं वाटलं तिला. आणि खरं सांगायचं तर तिला पाच मिनिटं मोकळीक हवी होती. तिने आपल्या मनगटावरचं टोक सोडवलं आणि पुढे केलं.

"हं घ्या. दाव्यासकट दिली."

म्हातारीने ते टोक दोन्ही हातांनी घेतलं.

कपाळाला लावलं.

जनावर घरात घेताना लावतात, तसंच.

पूनम बाहेर येऊन कठड्याला टेकली. समोर समुद्र. वारा बरा होता. किती दिवसांनी तिच्या हाताला कुणी ओढत नव्हतं.

मग धारेचा आवाज थांबला.

ती वळली... गोठ्याचं दार बंद होतं. बाहेरून कुलूप. आणि कुलपावर गंज.

तरीही तिला भीती वाटली नाही, बरं का. राग आला. मागच्या दाराने पोरीला नेलं असणार, आता कुठेतरी फोटो काढतील आणि विकत देतील. तणतणत ती रिसेप्शनवर गेली.

"तुमची ती म्हातारी माझ्या मुलीला कुठे घेऊन गेली?"

"कोण म्हातारी, मॅम? आपला स्टाफ सगळा यंग आहे."

"मागच्या गोठ्यातली. गोंदणवाली. कान फाटलेली."

अनीशचा चेहरा उतरला.

"कान... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मी बोलले तिच्याशी."

"मॅम, ती नीराबाई. ती एक्सपायर झाली. गाई दिल्या ना, त्याच पावसाळ्यात." मग हळू आवाजात म्हणाला, "तो गोठा स्टोअर आहे आमचा. चावी माझ्याकडेच असते."

कुलूप उघडलं. आत पोहण्याच्या तलावाच्या औषधाची पिंपं, मोडक्या छत्र्या. गाय नाही. पेंढ्याची काडी नाही.

खुंटीला भार्गवीची टोपी मात्र नीट अडकवलेली होती.

तेव्हा पूनम हर्षदच्या नावाने ओरडली.

हर्षद धावत आला. सगळे शोधायला लागले. विहीर पाहिली, तलाव पाहिला, घोड्यांचे तबेले पाहिले. भार्गवी कुठेच नव्हती. सूर्य खाली गेला. आणि पाहुणे? ते सरबताचे ग्लास घेऊन गच्चीवर जमले होते. सूर्यास्ताला गाई टेकडीवरून खाली येतात, तो कार्यक्रम होता ना. दुसऱ्याचं लेकरू हरवलंय म्हणून यांचं पॅकेज का बुडावं?

स्पीकरवर तुतारी वाजली. गाई उतरायला लागल्या.

अर्ध्यावर येऊन थांबल्या.

वरच्या झाडीतून हाक आली...

"हाऽऽ... यं... यं... यं..."

सगळ्या गाई वळल्या आणि वर चालू लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, काय ट्रेन केलंय यांना.

त्या गाईंमध्ये एक पिवळा फ्रॉक होता.

भार्गवी. एक हात पुढे ताणलेला, पुढून कुणी पट्टा धरून चालवावं तसा. पुढे कुणीही नव्हतं.

पूनमने हाक मारली. घसा फुटेस्तोवर मारली. आईच्या हाकेला सहा वर्षांचं पोर मागे वळत नाही, असं कधी पाहिलंय?

भार्गवी वळली नाही.

का वळली नाही ते पूनमला कळलं. तिथल्या सगळ्या शहाण्या लोकांत फक्त तिलाच कळलं. हर्षद टेकडीकडे धावला. पूनम उलटी धावली, रिसेप्शनकडे. भिंतीवरची सगळी दावी तिने ओरबाडून काढली.

"मॅम, ते डेकोर आहे," अनीश आडवा आला.

त्यावर पूनमने त्याला जे ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही. तो बाजूला झाला, एवढं पुरे.

ती चढून वर गेली. हर्षद वाटेतच गुडघे धरून बसला होता. वर माळावर गाई गोल करून उभ्या होत्या. मध्ये भार्गवी. एकाही गाईचं शेपूट हलत नव्हतं. खालचा समुद्र ऐकू येत नव्हता... वारासुद्धा नाही...

पूनमने दावी जमिनीवर टाकली.

"नीराबाई, तुझं तू घे. माझं मला दे."

काहीच झालं नाही.

मग तिने ती परत उचलली. कपाळाला लावली. दोन्ही हातांवर धरून पुढे केली. "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

आणि हातावरचं ओझं गेलं...

दावी खाली पडली नव्हती. हातातही नव्हती.

गाई झाडीत निघून गेल्या. भार्गवी एकटी उभी राहिली. पूनमने तिला उचलून छातीशी धरलं. तिच्या मनगटावर पट्टा नव्हता. तो मागेच राहिला.

त्याच संध्याकाळी ते निघाले. हर्षदचं म्हणणं, गावातल्या कुणी बाईने चेष्टा केली आणि रिसॉर्टवाले लपवतायत. त्याने लांबलचक तक्रार केली. उत्तर आलं, पुढच्या मुक्कामाला खास सवलत देऊ. ही यांची लाज.

त्या गाई पुन्हा खाली आल्या नाहीत. रिसॉर्टने दुसऱ्या आणल्यात, असं ऐकतो. टाळ्या चालूच असतील.

पोर मिळालं, गोष्ट संपली, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचो.

भार्गवी शाळेत जाते. जेवते, खेळते, आजारी पडत नाही. हट्ट तर अजिबात करत नाही. सगळे पूनमला म्हणतात, किती गुणी मुलगी आहे तुझी.

पूनमला ते ऐकवत नाही.

कारण भार्गवी आता घरात पाणी प्यायच्या आधी विचारते, "घेऊ का?" पलंगाच्या कडेवर बसते. जेवण झालं की म्हणते, छान झालं होतं हं. पूनमने एकदा तिला जवळ घेऊन विचारलं, असं का गं करतेस? हे घर तुझंच आहे ना?

ती अवघडून हसली.

मागच्या रविवारी मी खारघरला त्यांच्याकडे गेलो होतो. पूनम आत चहा टाकत होती. भार्गवी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. दोन्ही हातांनी ग्लास पुढे केला. माझ्या शेजारी, खुर्चीच्या अगदी टोकाला बसली. मग स्वयंपाकघराकडे एकदा बघून हळूच विचारलं,

"तुम्हीपण इथे पाहुणेच का?"



स्वयंपाकघरात चहा उतू जात होता. पूनम तिथेच, पाठमोरी उभी होती. तिने गॅस बंद केला नाही.