पळून गेल्याचा रिपोर्ट

टीव्ही बंद कर, यश. आवाज नको आता.

रचना, तू म्हणतेस या भुताच्या पिक्चरमध्ये रिव्हेंज भारी दाखवलाय. असेल बाई. मला मात्र कंटाळा आला. तुमच्या वयाचा होतो तेव्हापासून हेच बघतोय. बाईला आधी मारायचं, मग तिला रागवायची परवानगी द्यायची. तिच्यावर काय गुदरलं ते तीन मिनिटांत उरकायचं आणि दोन तास तिचे मोकळे केस दाखवायचे. शेवटी कोणीतरी बाबा येऊन तिलाच बाटलीत भरतो. "पण काका, ती फाइट तरी करते ना?" करते गं. पण ज्यांनी नुसतं बघितलं, त्यांना कोण विचारतं?

माझा एक दोस्त आहे, हसन. रत्नागिरीकडचा. आखातात आम्ही राहतो त्या शहरात, गाला नावाच्या भागात, घरकामाच्या बायका पुरवणारं एक ऑफिस होतं, तिथे तो कागदपत्रं बघायचा. माणूस वाईट नव्हता. आपण सगळे असतो तसा थकलेला होता.

दोन हजार चोवीस, चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री पावणेबाराला तो ऑफिसात गेला. काम साधं होतं. पहाटेच्या विमानाने मुनिबा नावाची मुलगी यायची होती, तिला एअरपोर्टवरून सरळ अझैबा भागातल्या एका बंगल्यावर सोडायचं होतं. त्याआधी तिचा करार छापून ठेवायचा, एवढंच.

त्या बंगल्यावर आधी सफूरा कामाला होती. हसनच्याच तालुक्यातली. जुलैमध्ये ती भर दुपारी चालत गालाच्या ऑफिसात आली. अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, भाऊ रात्री खोलीचं दार वाजवतो, म्हणाली. एकदा दार उघडलं गेलं, म्हणाली. हसनने तिला चहा दिला. या धंद्यात एक रीत आहे. बाई घराबाहेर पडली की आधी सरकारकडे 'पळून गेली' असा रिपोर्ट टाकायचा, म्हणजे ऑफिसवर काही येत नाही. तिने चहा संपवेपर्यंत हसनने तो टाकलाही. समोरच बसली होती ती. स्क्रीन दिसली तेव्हा एवढंच म्हणाली, "मी पळून नाय आले, हसनभाई. तुमच्याकडे आले."

मग बंगल्याचा ड्रायव्हर येऊन तिला घेऊन गेला. तीन आठवड्यांनी ती गच्चीवरून पडली. कागदावर अपघात. मयताची पेटी रत्नागिरीला पाठवायची कागदपत्रं हसननेच केली.

तर त्या रात्री त्याने मुनिबाचा करार टाइप केला. प्रिंट दिली. कागद बाहेर आला, तो सफूराचा रिपोर्ट होता.

चुकून जुनी फाइल गेली असेल, असं त्याला वाटलं. पुन्हा प्रिंट दिली.

पुन्हा तोच.

त्याने प्रिंटरची वायर काढली. कागद येतच राहिले. एक... मग एक... मग थांबले.

एसीही थांबला.

समोरच्या खुर्चीत सफूरा बसली होती.

केस बांधलेले. ओढणी नीट. पाय सरळ. दिवसभर लाद्या पुसून आलेली बाई बसते, तशी बसली होती. हसनला वाटलं, आता उठेल. आता गळा धरेल. तो म्हणाला, "मार मला. माझीच चूक आहे."

तिने नकारार्थी मान हलवली.

"त्या माणसाला मार मग."



 मग तिने टेबलावरचा कोरा कागद त्याच्याकडे सरकवला.

"लिवा," ती म्हणाली.

हसनने पेन उचललं आणि परत ठेवलं. यश, मरणाची भीती नव्हती ती. लिहायचं म्हणजे अर्बाबच्या भावाचं नाव लिहायचं, आणि खाली स्वतःचं. नोकरी खलास, व्हिसा खलास. घरी तीन पोरं.

ती बघत राहिली.

त्याने लिहिलं. अरबीत, हाताने, काळ्या पेनने. दार, गच्ची, चहा, रिपोर्ट... सगळं. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दीड वाजता त्याचा मला फोन आला. मी घुब्राच्या आमच्या घरून गाडी काढली. ऑफिसला कुलूप मीच लावलं, त्याला गाडीत बसवलं. आधी एअरपोर्टवर गेलो. मुनिबाला आमच्या घरी तुमच्या काकूकडे आणलं. सहा दिवसांनी ती तिच्या गावी परत गेली, बरी आहे. मग उजाडताना पोलीस स्टेशन.

तिथल्या ऑफिसरने कागद दोनदा वाचला. त्याने हसनकडे बघितलं. मग खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हा साक्षीदार कोण?

'साक्षीदार' एवढं लिहून ती ओळ हसनने रिकामी सोडली होती. माझ्यासमोर गाडीत त्याने कागद तीनदा तपासला होता, मीही पाहिला होता. साक्षीदार आणायचा कुठून?

तिथे सही होती. निळ्या शाईत. मराठीत, 'सफूरा'.

"यांना हजर करावं लागेल," ऑफिसर म्हणाला.

हसनने माझ्याकडे बघितलं. मी त्या सहीकडे.

ऑफिसरने कागद उचलला, आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसला. अंगठ्याला निळी शाई लागली होती. ओली.