बाहुलीच्या पाठीवरचा हात

ही गोष्ट रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट मी वेगळा केला असता.

रविवारचा दुपारचा प्रयोग. नाट्यगृहाची डावी विंग.

मुलींच्या लाडक्या, फॅशनवाल्या बाहुलीवरचं ते संगीत नाटक. बाहुलीचे सगळे कपडे माझी आई सांभाळायची. मंडळी तिला मावशी म्हणत.

मध्यंतरानंतर एका गाण्यात नायिका विंगेत येते. कोरसचं एक कडवं संपेपर्यंत गुलाबी फ्रॉक उतरवून पांढरा गाऊन चढवायचा, तोही मिट्ट काळोखात. नायिकेचा माइक चालू असतो, बोलायची सोय नाही. म्हणून शेवटचा हुक लागला की आई तिच्या पाठीवर तळवा टेकवायची.

म्हणजे, जा.

त्याशिवाय नायिका हलायची नाही.

"बाहुलीला पोट नसतं गं बये, बेताने जेव," आई तिला आधीच दटावायची. "नाहीतर हुक उडेल माझ्या डोळ्यात."

आई गेली. महिनाही झाला नव्हता, आणि तिच्या जागी मी उभी होते.

गाऊन चढला. खालचे हुक लागले... वरचा सापडेना.

कडवं संपत आलं.

तेवढ्यात शेजारी... टाचण्यांची डबी खुळखुळली.

आई कायम जवळ बाळगायची, ती डबी तर घरी होती. कपाटात.

आणि नायिका चालू लागली.

मी हात टेकवलाच नव्हता.

रंगमंचाच्या उजेडात तिची पाठ दिसली. हुक वरपर्यंत लागलेले.

"अगदी मावशींचा हात गं तुझा," प्रयोगानंतर ती म्हणाली. "फक्त गार."

मला भीती वाटली नाही. रडू आलं. आई हातभर अंतरावर होती, आणि मला शिवलीही नाही.

पुढच्या प्रयोगाला वरचा हुक मी मुद्दाम सोडला. थांबले.

कडवं संपलं...

कुणी आलं नाही.

नायिका अंधारात ताटकळलेली. शेवटी हुक मीच लावला. तळवाही मीच टेकवला.

ती गेली.

नंतर मेकअप पुसता पुसता तिने विचारलं, "आज दोन्ही हात का गं ठेवलेस?"

मी एकच ठेवला होता.

मला काहीच जाणवलं नव्हतं. अजूनही जाणवत नाही. पण आता विंगेत उभी राहताना मी उजवीकडे एका माणसाची जागा सोडते.

ती रिकामी असते की नाही, ते मला सांगता येत नाही.