उरलेली जागा

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगते. दुधाचं मापसुद्धा मी दोनदा बघते. तेव्हा मी थापा मारतेय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. चार वर्षांपूर्वी, एका शनिवारी, भर दुपारी, आमच्या रिकाम्या प्लॉटवर.

नवरा गणिताचा मास्तर. त्याच्या डोक्यात षटकोनी घराचं खूळ शिरलं होतं. मला काळजी मामंजींची. सासरे माझे, घड्याळं दुरुस्त करायचे, डोळे गेले त्याला दहा वर्षं झाली. तरी काठी घेऊन घरभर एकटे फिरायचे. कुणी हात धरलेला खपायचा नाही. तिरक्या भिंतींच्या घरात त्यांचं कसं व्हायचं?

"चालवूनच बघू," नवरा म्हणाला.

म्हणून नकाशा काढणाऱ्याने जमिनीवर पांढऱ्या फक्कीने अख्खं घर आखलं. सहा बाजू, कडेने खोल्या, आणि मधोमध एक त्रिकोण.

तो कशाला, मी विचारलं. उरलेली जागा आहे वहिनी, तिन्ही बाजूंनी भिंत घालून बंद करू, असं तो म्हणाला. घरात जागा अशी उरते होय? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

मामंजी निघाले. मातीवर काठीचा आवाज होत नव्हता.

मग ते त्रिकोणापाशी आले...

टक्.

काठी हवेत होती. समोर काहीच नव्हतं.

टक्... टक्... टक्...

तिन्ही कोपरे बरोबर वळून ते परत जागेवर आले.

बापलेक मिळून माझी फिरकी घेतायत, असंच मला वाटलं. मामंजी तसे लबाड आहेत. मी नवऱ्याकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता.

मामंजींनी हवेला कान लावला.

"सूनबाई, याला दार का नाही ठेवलं? आत माणूस आहे ना."

षटकोनाचं खूळ त्याच दिवशी उतरलं. आम्ही साधं चौकोनी घर बांधलं. मधला हॉल मी मुद्दाम मोकळा ठेवला. मामंजी पुन्हा एकटे फिरायला लागले आणि माझा जीव भांड्यात पडला.

फक्त हॉलच्या मधून ते कधी जायचे नाहीत. वळसा घालायचे. असेल सवय, म्हणून मी सोडून दिलं.

गेल्या महिन्यात फरशी पुसून मी मागे वळले, तर... मधोमध थोडी जागा कोरडीच होती. त्रिकोणी.

मी तिथे फडकं फिरवलंच नव्हतं. घर बांधल्यापासून कधी फिरवलं होतं, ते आठवेना.

तेवढ्यात मामंजी आले.

टक्... टक्... आवाज फरशीवरून नाही, छातीच्या उंचीवरून येत होता.

मग थांबला.

मामंजींचा हात हवेत काहीतरी चाचपत होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "दार सापडलं."

मी धावत जाऊन त्यांना ओढून खोलीत नेलं. तेव्हापासून हात धरल्याशिवाय मी त्यांना पाऊल टाकू देत नाही. ते चिडतात. मला जेलर म्हणतात. त्यांचा पडलेला चेहरा बघून माझ्या पोटात तुटतं, पण हात सोडायची माझी छाती होत नाही.

काल मात्र ते मुकाट्याने चालले. आज राग नाही का, मी विचारलं.

"राग कसला?" ते हसले. "दोन्हीकडून धरलंय, आता पडायची भीती नाही."

मी त्यांचा एकच हात धरला होता.