रिकाम्या हॉलची मोजणी

सकाळी नऊ वाजता भावोजींनी पहिला फुगा फोडला. पन्नाशी उलटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला गृहस्थ चार हजार रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहून टाचणीने फुगे फोडतोय, हे कुणी दारातून पाहिलं असतं तर त्याने हळूच दार ओढून घेतलं असतं. पण ते कामच होतं. फुगा फुटल्याचा आवाज भिंतींवर आणि छतावर आपटत किती वेळ घुमतो, ते मीटरवर सेकंदांत दिसतं. जितका जास्त घुमेल तितके बोललेले शब्द एकमेकांच्या उरावर बसतात, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या पदरी नुसता गलका पडतो.

त्यांना सगळेच भावोजी म्हणत. ही मेहुण्याची कृपा. बायकोचा हा धाकटा भाऊ अठरा वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होता, आणि त्याच्या तोंडची हाक गवंड्यापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे उचलत. मेहुणा स्वतः चाळिशीचा, पोट सुटलेला, आणि गप्प बसणं त्याच्या जिवावर येई.

छताखालच्या लोखंडी तुळयांना सहा कर्णे टांगलेले होते. एकेक दरवाजाएवढा. लहान कर्ण्यातून आवाज फुटक्या नळीसारखा चहूकडे उडतो. मोठ्या तोंडाचा, नीट वळणाचा कर्णा त्याला मुठीत धरून ठेवतो. पडायचं ते खुर्च्यांवर, भिंतीला शिवायचं नाही. ते वळण भावोजींनी स्वतः काढलेलं होतं, कर्णेही त्यांच्याच हातचे, आणि त्यापायी वीस वर्षं घरातली एक खोली अडलेली होती. बायको म्हणायची, “सवत आणली असतीत तर परवडलं असतं. निदान तिने भांडी तरी घासली असती.”

आज चार वाजता तपासणी होती. रिकाम्या हॉलमध्ये, शेवटच्या रांगेत, शब्दांच्या स्पष्टतेला शंभरपैकी पन्नास गुण पडले तर कर्णे राहणार होते. नाही पडले तर उद्या सकाळी उतरवून भंगारात, आणि त्यांच्या जागी बाजारातले तयार स्पीकर. व्यवस्थापकाने तसं स्पष्ट सांगून टाकलं होतं. आणखी वीस वर्षं घालवायचं वय आता राहिलं नाही, हे भावोजींना ठाऊक होतं. रात्रभर त्यांना झोप नव्हती.

“तीन पूर्णांक आठ,” मेहुण्याने मीटर वाचला.

“नीट बघ. साडेचार असेल.”

“भावोजी, मी ढ आहे, आंधळा नाही.”

महिनाभरात त्यांनी हा हॉल तीनदा मोजला होता. तिन्ही वेळा साडेचार सेकंद. वर काँक्रीटचा घुमट, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. आवाज जिरायला जागाच नव्हती. भावोजींनी मीटरमधली बॅटरी बदलली आणि मेहुण्याला माइकवर बोलायला पाठवून स्वतः खुर्च्यांतून फिरायला निघाले.

मेहुणा माइकवर कधी ‘हॅलो, हॅलो’ करत नसे. तो गोष्ट सांगे. एका विसराळू शिंप्याची, जो माप घेऊन झालं की गिऱ्हाइकालाच विचारी, “आपण कोण? कशाला आलात?” गोष्टीत सगळी अक्षरं यायची म्हणून भावोजींनी ती चालवून घेतली होती. दर हॉलगणिक तिला नवा फाटा फुटे. आज शिंप्याने गिऱ्हाइकाच्या सासऱ्याचं माप घ्यायला काढलं होतं, आणि मेहुणा असा रंगात आला होता की भावोजींनाही दोनदा हसू आलं.

गोष्टीनंतर दुसरा फुगा फुटला. तीन पूर्णांक एक.

आणखी अर्धा तास गोष्ट. तिसरा फुगा. दोन पूर्णांक दोन.

भावोजी मधल्या रांगेत मटकन बसले. दोन पूर्णांक दोन हा आकडा त्यांना पाठ होता. कागदावर त्यांनीच तो काढला होता. दोन हजार माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बसली की या हॉलमध्ये आवाज इतका वेळ घुमेल, असा तो हिशेब होता.

“म्हणजे अर्धा हॉल भरलाय,” मेहुणा मंचावरून म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसला. हसणं त्याच्या तोंडापुढेच संपलं. घुमलं नाही. त्याने चमकून वर पाहिलं.

“दारं उघडी असतील,” भावोजी म्हणाले.

“सगळी बंद आहेत. मीच लावलीत.”

भावोजी हार मानणाऱ्यांतले नव्हते. सातवा, जादा कर्णा चाकांच्या गाड्यावर होता. त्यांनी तो मंचाच्या कडेला आणला, त्यातून नुसती टकटक सोडली, आणि बॅटरीचा झोत फिरवावा तसा तो खुर्च्यांवरून सावकाश फिरवू लागले. रिकाम्या प्लास्टिकवरून टकटक खणखणीत परत येते. माणसं बसलेली असली की कपड्यांत जिरते. पहिल्या रांगेपासून अठ्ठाविसाव्या रांगेपर्यंत टकटक जिरत होती. त्यामागे खणखणीत. जणू लोक पुढच्या जागा धरून बसले होते आणि मागच्या उशिरा येणाऱ्यांसाठी सोडल्या होत्या.

मग भावोजींना एक गोष्ट सुचली. त्यांनी छतावरचे उजवीकडचे तीन कर्णे बंद केले आणि मेहुण्याला पुन्हा गोष्ट सांगायला लावली. आता आवाज फक्त डावीकडे पडत होता. उजवीकडे बसून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. दहा मिनिटांनी त्यांनी गाडा फिरवला. उजवी बाजू खणखणीत. डावी बाजू शेवटच्या रांगेपर्यंत गच्च.

डोळ्यांना दिसत होत्या त्या चार हजार दुमडलेल्या लाल खुर्च्या. एकही हलली नव्हती.

“ऐकायला सरकले,” मेहुणा कुजबुजला. माइक चालूच होता, त्यामुळे ती कुजबुज डावीकडच्या प्रत्येक खुर्चीपर्यंत व्यवस्थित पोचली. कर्णे खरोखरच उत्तम होते.

भावोजींच्या हातांवर काटा आला. पण खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना बरंही वाटत होतं. माणूस वीस वर्षं एका खोलीत बसून कर्णे घडवतो, आणि पहिल्याच दिवशी श्रोते जागा बदलून आवाजात येऊन बसतात. कुणाला नाही आवडणार?

मेहुण्याला मात्र ते आवडलं नव्हतं. घाबरला की त्याची थट्टा वाढे. त्याने दोन्ही हात जोडले आणि माइकवर म्हणाला, “मंडळी, आजचा कार्यक्रम इथेच संपला. शिंप्याचं पुढे काय झालं ते मलाही माहीत नाही. सावकाश जा, जिन्यात ढकलाढकली करू नका.”

मंडळींना जायला पाच मिनिटं दिली. मग भावोजींनी फुगा फोडला. आवाज घुमटात चढला, फिरला, भिंतीवरून भिंतीवर गेला.

“साडेचार!” मेहुण्याने टुणकन उडी मारली. “गेले, भावोजी! शहाणी माणसं. सांगितलं आणि गेली!”

दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, डबे उघडले, पोटभर जेवले. मेहुण्याने बहिणीला फोन लावून “आज नवऱ्याचा आवाज लांबवर जाणार बघ” असं सांगितलं. ती म्हणाली, “तो घरात कधी चढत नाही, तिकडे चढू दे.” हसत हसत दोघं शेवटच्या रांगेत गेले आणि खऱ्या, रिकाम्या हॉलमध्ये पहिल्यांदाच गुण मोजले.

सत्तेचाळीस.

भावोजींनी कर्णे अर्धा अंश खाली झुकवले. अठ्ठेचाळीस. आणखी झुकवले, तर मधल्या रांगांत आवाज कर्कश होऊ लागला आणि शेवटची पुन्हा सत्तेचाळीसवर आली. त्यांनी आवाजाचा पोत बदलून पाहिला, कडेचे कर्णे आत वळवून पाहिले. तीन वाजून दहा मिनिटं झाली. अठ्ठेचाळीसच्या वर काटा सरकेना.

“दोन गुणांनी काय होतं?” मेहुणा म्हणाला. “तपासणीच्या बाईंना सांगू.”

“शाळा आहे का ही?” भावोजींचा आवाज चिरकला. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले. “दोन गुणांनीच भंगारात जातात रे.”

मेहुण्याने अठरा वर्षांत त्यांचे डोळे असे पाहिले नव्हते. भावोजी उठले, मधल्या वाटेने ताठ चालत मंचावर गेले आणि माइकसमोर उभे राहिले. उभ्या आयुष्यात ते माइकवर कधी बोलले नव्हते. बोलायचं काम मेहुण्याचं.

“मंडळी,” ते घसा खाकरून म्हणाले, “चार वाजता पुन्हा कार्यक्रम आहे. जरूर या. सहकुटुंब या. ओळखीपाळखीचं कुणी असेल तर त्यांनाही घेऊन या.”

“भावोजी,” मेहुणा खालून म्हणाला, “एवढं कशाला बोलवायचं? सकाळचे होते तेवढे पुरले असते.”

चारला दोन मिनिटं असताना तपासणीस बाई आल्या. उंच, काटक, काखेत स्वतःचा मीटर. फुगाही स्वतःचाच आणलेला. त्यांनी तो फुगवला, लांब धरला आणि फोडला.

फट्ट.

इतकंच. गोधडीत गुंडाळून फोडल्यासारखा.

बाईंनी मीटरकडे पाहिलं. मीटर हलवला. दुसरा फुगा फुगवला.

“शून्य पूर्णांक सात,” त्या म्हणाल्या. “एवढ्या मोठ्या हॉलमध्ये?”

भावोजींनी मनातल्या मनात हिशेब काढला. पूर्ण भरलेल्या हॉलचा आकडा दीड होता. हॉल भरला की भरला. त्याच्या खाली जायला माणसं बसवणार कुठे?

बाई शेवटच्या रांगेत गेल्या. कर्ण्यांतून तपासणीची वाक्यं सुरू झाली. उंचावरून टांगलेल्या कर्ण्यांतून शब्द सुटे सुटे, धुतल्यासारखे स्वच्छ, नेमक्या खुर्चीवर पडत होते.

बाईंनी तिथून हात वर करून बोटांनी आधी आठ, मग दोन दाखवले. ब्याऐंशी. आवाज काही आला नाही.

परत येऊन त्यांनी कागदावर सही केली. आता त्या अगदी जवळ होत्या, तरी भावोजींना कान पुढे करावा लागला.

“मी सव्वीस वर्षं हॉल तपासतेय,” त्या म्हणाल्या. “असे कर्णे पाहिले नाहीत. हे राहू द्याच. फक्त पंखे लावत जा. फार कोंदट होतंय.”

त्या शेजारच्या दाराने गेल्या. भावोजींनी सही दोनदा वाचली. डोळे भरून आले, हसूही आलं. कर्णे राहणार होते. बायकोला आपण होऊन फोन करावा असं त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

“आधी यांचे आभार मानू,” ते मेहुण्याच्या कानाशी जाऊन म्हणाले. “मी बोलावलं, निरोपही मीच देतो. जा, माइक घेऊन ये.”

मेहुणा मंचाकडे गेला. त्याच्या चपलांचा आवाज तिसऱ्या पावलालाच ऐकू येईनासा झाला.

भावोजींनी आणखी एक फुगा फोडून मीटर पाहिला. शून्य पूर्णांक चार. अजून येतच होते कुणीतरी.

त्यांनी मान वर केली तेव्हा मेहुणा माइक घेऊन परतला होता. दहा पावलांवर उभा होता. चेहरा पांढराफटक. तो हाका मारत होता. “भावोजी, भावोजी” असे ओठ हलताना स्पष्ट दिसत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

ऐकू काहीच येत नव्हतं.

मधली वाट मोकळी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिकामी फरशी.

मेहुण्याने माइक छातीशी धरला, खांदा पुढे केला, पोट आत घेतलं, आणि आडवा होऊन एक पाऊल टाकलं. मग दुसरं. ओठांवरून भावोजींना कळलं, तो “जरा सरका, जरा सरका” म्हणत होता.

ती दहा पावलं यायला त्याला पाच मिनिटं लागली, आणि वाटेत दोनदा थांबून त्याने कुणाला तरी आधी पुढे जाऊ दिलं.