वीस मिनिटं पुढचं घर

बोरिवलीच्या त्या फ्लॅटमध्ये जे घडलं ते भर दुपारी, पंखा गरगरत असताना आणि तळलेल्या चकल्यांच्या वासात घडलं. म्हणून लोक याला भुताची गोष्ट मानत नाहीत. न मानोत बापडे.

श्रेयस वजनकाट्यावर बॅगा चढवत होता. टोरांटोला त्याच्या धाकट्या बहिणीच्या, गार्गीच्या मुलीचं बारसं होतं. नातीला स्वतःच्या हातांनी पाळण्यात घालायचं, हे त्याच्या आईने, सुहासिनीबाईंनी, केव्हापासून मनात धरलं होतं. आजचं विमान चुकलं तर बारसंही चुकणार होतं.

श्रेयस मात्र निवांत होता. सतत दौऱ्यावर असल्यामुळे त्याने लॅपटॉपवर दोन घड्याळं लावली होती, एक मुंबईचं आणि एक टोरांटोचं. गेल्या वर्षी बाबा गेले आणि त्यांच्या तेराव्यानंतर तिथे आपोआप तिसरं घड्याळ उगवलं. नाव ‘घर’, वेळ मुंबईच्या वीस मिनिटं पुढे. श्रेयसने ते कितीदा पुसलं, तरी सकाळी पुन्हा हजर. शेवटी त्याने नाद सोडला.

बाबांचं, म्हणजे अनंतरावांचं, भिंतीवरचं घड्याळ हयातभर वीस मिनिटं पुढे असायचं. घरातले सगळे ती वीस मिनिटं मनातल्या मनात वजा करून आरामात उशीर करायचे. मग अनंतराव कोणाला न सांगता काटा आणखी पुढे सरकवायचे. ते गेल्यावर सुहासिनीबाईंनी सेल काढून ते घड्याळ माळ्यावर टाकलं होतं.

दोन वाजले आणि लॅपटॉपमधून टिकटिक यायला लागली. हळू, पण स्पष्ट. चकल्यांच्या वासात कुठूनसा बाबांच्या बामाचा वास मिसळला.

“आई... जरा इकडे ये गं.”

‘घर’ साडेतीन दाखवत होतं.

सुहासिनीबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि पर्स उचलली. “चल, निघू या.”

“अगं, विमान साडेसातला आहे. कॅलेंडरमध्ये लिहिलंय ना मी.”

“यांचं घड्याळ पुढे असतं रे, खोटं नसतं,” त्या म्हणाल्या आणि चपला घालून लिफ्टपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

हायवे गोरेगावलाच तुंबला होता. श्रेयस वाटभर चरफडत होता. विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सहाच्या विमानाला आत्ता येताय? आणखी थोड्या वेळात बंदच करणार होतो.”

श्रेयसने तिकीट उघडून पाहिलं, खरंच सहा. तिकीट काढलं तेव्हा तो दुबईत होता. त्याने कॅलेंडरमध्ये सहा लिहिले, लॅपटॉपने ते दुबईचे सहा धरले आणि मुंबईत परतल्यावर इमानेइतबारे साडेसात करून दाखवले. दीड तासाचा घोळ होता, आणि ‘घर’ नेमकं तेवढंच पुढे पळालं होतं.

गेटपाशी बसल्यावर त्याने भीतभीत लॅपटॉप उघडला. ‘घर’ नाहीसं झालं होतं. त्याच्या जागी नवं नाव होतं, ‘गार्गी’. टोरांटोत सकाळचे आठ वाजायला वीस मिनिटं कमी होती आणि त्या घड्याळात आठ वाजले होते.

“आई... बाबा...”

सुहासिनीबाईंनी वाकून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज नेहमीसारखाच होता. “पोचले वाटतं. कधी आपल्यासाठी थांबलेत ते?”

तेवढ्यात गार्गीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

“दादा... आमच्याकडे भिंतीवर घड्याळच नाहीये रे. मग ही पाळण्यापाशी टिकटिक कसली येतेय?”